अवकाशातल्या छायाचित्रांवरून पृथ्वीवरचा बदल कसा वाचायचा

मध्य आशियातल्या अरल समुद्राच्या दोन चित्रांची जोडी बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेली असते. एकात गर्द निळं पाणी, दुसऱ्यात पांढरट कोरडा तळ. चित्रं खरी आहेत आणि बदलही खरा आहे. पण अलीकडच्या वर्षांतली एक जोडी मुद्दाम वेगळ्या महिन्यांची निवडली, तर हाच समुद्र वर्षभरात वाढल्याचंही दाखवता येतं. त्याचा पूर्वेकडचा भाग फार उथळ उरला आहे. बर्फ वितळून नदीतून पाणी आलं की ते पातळ थरासारखं दूरवर पसरतं आणि कडक उन्हात आटून जातं. एका वर्षीचा सप्टेंबर आणि पुढच्या वर्षीचा मे शेजारी ठेवला की निष्कर्ष उलटा निघतो.

म्हणून या कामातला खरा कस चित्र मिळवण्यात नाही. चित्रं आज फुकट आणि घरबसल्या मिळतात. कोणती दोन चित्रं शेजारी ठेवायची, हे ठरवण्यात निम्म्याहून जास्त काम असतं. हा लेख अशा वाचकासाठी आहे ज्याच्याकडे साधा संगणक आणि इंटरनेट आहे, आणि ज्याला एखाद्या तलावाचा, जंगलाचा, हिमनदीचा किंवा शहराचा बदल स्वतः मोजून पाहायचा आहे.

आधी प्रश्न कागदावर लिहा

"तिथे काय बदललं?" हा प्रश्न फार मोठा आहे. "१९९० ते २०२० दरम्यान या तलावाचं कोरड्या ऋतूच्या शेवटचं क्षेत्रफळ किती घटलं?" हा मोजता येण्याजोगा प्रश्न. त्यात तीन गोष्टी आधीच ठरतात: काय मोजायचं, वर्षाच्या कोणत्या वेळी मोजायचं आणि किती मागे जायचं. चौथी गोष्ट तुम्ही ठरवा, ती म्हणजे किती लहान बदल दिसायला हवा. जंगलातली दहा एकर तोड आणि नदीकाठाची पाच मीटर धूप यांना एकच चित्र पुरत नाही.

कोणतं चित्र कशाला उपयोगी

चार प्रकारची साधनं हाताशी असली तर बहुतेक कामं होतात.

पहिला आणि सगळ्यात भरवशाचा साठा लँडसॅट या अमेरिकी उपग्रहमालिकेचा. पहिला लँडसॅट २३ जुलै १९७२ रोजी सोडला गेला आणि तेव्हापासून ही मालिका आजवर चालू आहे. त्याच्यावरचा मल्टिस्पेक्ट्रल स्कॅनर, म्हणजे वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश वेगवेगळा नोंदवणारं उपकरण, व्हर्जिनिया नॉरवुड या अभियंतेनं घडवला होता. मुख्य भिस्त दुसऱ्याच कॅमेऱ्यांवर होती, स्कॅनर जोडीला म्हणून होता. पण पहिली चित्रं आल्यावर तोच सरस ठरला. आपण पन्नास वर्षांचा बदल मोजू शकतो त्याचं मोठं श्रेय या स्कॅनरला जातं. २००८ पासून लँडसॅटचा सगळा साठा मोफत झाला. तो यूएसजीएस या अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या अर्थएक्सप्लोरर या संकेतस्थळावर मिळतो. १९८४ मध्ये सुटलेल्या लँडसॅट ५ पासून पुढच्या चित्रांत एक पिक्सेल ३० मीटरचा असतो. एका चित्राची रुंदी सुमारे १८५ किलोमीटर असते आणि एक उपग्रह त्याच जागेवर दर १६ दिवसांनी येतो. सध्या लँडसॅट ८ आणि ९ मिळून ही वेळ आठ दिवसांवर आली आहे.

दुसरा साठा युरोपच्या सेंटिनेल-२ चा. २०१५ पासूनची चित्रं, पिक्सेल १० मीटरचा, दोन उपग्रह मिळून साधारण पाच दिवसांनी फेरी. कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर खातं उघडलं की काहीही डाउनलोड न करता पडद्यावरच दोन तारखा ताडून बघता येतात. नवख्या माणसानं इथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे. लहान तलाव, वाळूचे पट्टे, खाणी यांसाठी सेंटिनेल, आणि २०१५ च्या मागे जायचं असेल तर लँडसॅट.

तिसरा साठा अंतराळवीरांनी हातात कॅमेरा धरून काढलेल्या छायाचित्रांचा. नासाच्या 'गेटवे टू ॲस्ट्रोनॉट फोटोग्राफी ऑफ अर्थ' या संग्रहात तो सगळ्यांसाठी खुला आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरतं आणि त्याची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांनी कललेली आहे. त्यामुळे त्याहून पलीकडचे ध्रुवाकडचे प्रदेश त्याच्या थेट खाली कधीच येत नाहीत, तिरके दिसले तरच. उपग्रह एखाद्या जागेवरून दरवेळी साधारण सकाळी दहा-साडेदहालाच जातो. स्थानक मात्र सकाळ, दुपार, रात्र केव्हाही जातं. ज्वालामुखीचा धूर तिरका बघायचा असेल, पाण्यावर सूर्य चमकत असताना तेलाचा तवंग किंवा लाटांची रचना पकडायची असेल, तर ही छायाचित्रं हवीत.

रात्रीच्या दिव्यांचं एक उदाहरण सांगण्यासारखं आहे. इटलीतल्या मिलान शहरात रस्त्यांवरचे नारिंगी सोडियम दिवे काढून पांढरे एलईडी बसवले गेले. २०१२ आणि २०१५ मध्ये स्थानकावरून काढलेल्या छायाचित्रांत शहराचा मध्यभाग नारिंगीचा पांढरा-निळसर झालेला स्पष्ट दिसतो. रात्रीचा उजेड मोजणाऱ्या उपग्रहावरच्या व्हीआयआयआरएस या उपकरणाला रंग कळत नाहीत आणि निळा उजेड तर ते जवळपास पकडतच नाही. फक्त त्याचे आकडे घेतले तर शहर मंदावल्यासारखं वाटतं. साध्या रंगीत कॅमेऱ्यानं इथे महागड्या उपकरणाची उणीव भरून काढली.

चौथा साठा कोरोना या अमेरिकी हेरगिरी उपग्रहांच्या फिल्मचा. १९६० ते १९७२ या काळातली ही छायाचित्रं १९९५ मध्ये खुली झाली. कृष्णधवल आहेत, कडेला ताणलेली आहेत, पण लँडसॅटच्या आधीचं जग पाहायला दुसरं फारसं काही नाही. त्यानंतरच्या हेक्सागॉन हेरउपग्रहांची फिल्मही अशीच कामी आली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिच्या आधारे हिमालयातल्या सुमारे ६५० हिमनद्या तपासल्या गेल्या. १९७५ ते २००० च्या मानानं २००० नंतर बर्फ झिजण्याचा वेग साधारण दुप्पट झाल्याचं त्यात दिसलं.

तारखांची जोडी जुळवणं

इथे घाई करू नका. दोन्ही चित्रं एकाच ऋतूतली, जमलं तर एकाच पंधरवड्यातली हवीत. तलावासाठी कोरड्या ऋतूचा शेवट घ्या. हिमनदीसाठी वितळण्याचा हंगाम संपतानाचे दिवस, म्हणजे नव्या बर्फानं जुनी सीमा झाकली जायच्या आधीचे. जंगलासाठी झाडांना भरगच्च पालवी असतानाचे. पानगळीच्या जंगलाची पालवीतली तारीख पानगळीतल्या तारखेशी जोडली, तर सबंध डोंगर तोडल्यासारखा दिसेल.

ऋतू जुळला तरी एक प्रश्न उरतो: ते वर्ष नेहमीसारखं होतं का? एखाद्या दुष्काळी वर्षाची तुलना भरपूर पावसाच्या वर्षाशी केली तर तुम्ही हवामानातला एक झोका मोजता, दीर्घकाळचा बदल नव्हे. यावर सोपा उपाय आहे. दोन चित्रांवर थांबू नका. त्याच महिन्याची दर दोन-तीन वर्षांनी एक याप्रमाणे आठ-दहा चित्रं घ्या. अरलची अशी माळ लावली तर जोडीत न दिसणारी गोष्ट दिसते. १९६० च्या दशकात अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचं पाणी कापसाच्या शेतीकडे वळवल्यापासून समुद्र सतत आटत गेला, हे खरं. पण उत्तरेकडचा छोटा भाग २००५ मध्ये कोक-अरल बांध पूर्ण झाल्यावर पुन्हा भरला, आणि दक्षिणेकडचा पूर्व भाग २०१४ मध्ये पूर्ण कोरडा पडला. एकाच समुद्राच्या दोन तुकड्यांचं दैव उलटसुलट दिशांनी गेलं. फक्त पहिलं आणि शेवटचं चित्र पाहणाऱ्याला हे कळणार नाही.

शोधताना ढगांचं प्रमाण दहा टक्क्यांखाली ठेवा, पण त्या आकड्यावर विसंबू नका. तो संपूर्ण चित्राचा असतो. तुमचा तलाव नेमका त्या दहा टक्क्यांत असू शकतो, आणि साठ टक्के ढगाळ चित्रातही तो मोकळा सापडू शकतो. छोटं पूर्वदृश्य उघडून स्वतः बघा.

लँडसॅट ७ ची चित्रं घेताना ३१ मे २००३ ही तारीख लक्षात ठेवा. त्या दिवशी त्याच्या स्कॅनरमधली ओळी जुळवणारी यंत्रणा बंद पडली. त्यानंतरच्या प्रत्येक चित्रात कडांकडे रुंद होत जाणाऱ्या रिकाम्या पट्ट्या आहेत आणि साधारण २२ टक्के भाग त्यात जातो. चित्राच्या मध्याचा चिंचोळा पट्टा तेवढा शाबूत राहतो. तुमची जागा तिथे नसेल तर २०११ पर्यंत लँडसॅट ५ आणि २०१३ पासून लँडसॅट ८ वापरलेलं बरं.

आकड्यांआधी डोळे

चित्र क्यूजीआयएसमध्ये उघडा. नकाशे हाताळणारं हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि इथून पुढचं सगळं काम त्यात होतं. उपग्रह प्रत्येक रंगाचा प्रकाश वेगळ्या थरात नोंदवतो, त्या थराला बँड म्हणतात. लँडसॅट ८ असेल तर बँड ४, ३, २ अनुक्रमे लाल, हिरव्या, निळ्या जागी लावा, म्हणजे डोळ्यांना दिसतं तसं चित्र मिळेल. मग ५, ४, ३ लावा. आता वनस्पती लालभडक दिसतील. पानातलं हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेतं, पण पानाच्या आतल्या पेशींची रचना डोळ्यांना न दिसणारे निअर इन्फ्रारेड किरण जोरात परत फेकते, आणि आपण ते किरण पडद्यावर लाल रंगानं दाखवतो. पाणी हेच किरण गिळून टाकतं, म्हणून ते काळंभोर दिसतं. काठ कुठे संपतो हे साध्या रंगांपेक्षा इथे कितीतरी नीट कळतं. १९७० च्या दशकातली लँडसॅट चित्रं नेहमी लालच का दिसतात, याचंही उत्तर इथेच आहे. त्या स्कॅनरला निळा बँडच नव्हता.

बघताना एक विचित्र गोष्ट होईल. डोंगर दरीसारखे आणि दऱ्या डोंगरासारख्या दिसतील. उजेड वरून पडतो असं आपला मेंदू धरून चालतो. उत्तर गोलार्धातल्या उत्तरेकडच्या भागात मात्र सकाळी सूर्य आग्नेयेला, म्हणजे चित्राच्या खालच्या उजव्या बाजूला असतो. चित्र १८० अंशांत फिरवा, डोंगर जागेवर येतात. नदी कड्यावरून वाहताना दिसली तर समजा की चित्र उलटं वाचलं जातंय.

अर्धा तास नुसतं बघण्यात घालवा. आकृत्या ओळखायला शिका. ब्राझीलच्या रोन्डोनियात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माशाच्या काट्यासारख्या फुटलेल्या रेषा दिसतात. मुख्य रस्ता आधी होतो, मग त्याला फाटे फुटतात आणि फाट्यांमधलं जंगल हळूहळू संपतं. वणव्याची कड वेडीवाकडी असते, तोडीची कड सरळ असते. हे कोणतंही सूत्र तुम्हाला सांगणार नाही.

अंतराळवीरांचं छायाचित्र नकाशावर बसवणं

उपग्रहाची चित्रं आधीच नकाशावर बसवलेली येतात. हातात धरून काढलेली बहुतेक छायाचित्रं तशी नसतात. संग्रहातली नोंद वाचताना दोन स्थानं वेगळी ओळखा: एक, त्या क्षणी स्थानक ज्या जागेच्या वर होतं ती, दुसरी, छायाचित्राच्या मध्यभागी जे दिसतं ती. कॅमेरा तिरका धरला असेल तर या दोन्हींत शेकडो किलोमीटरचं अंतर पडतं. मोजमापासाठी ही दोन स्थानं जवळ असलेलीच छायाचित्रं निवडा.

मग क्यूजीआयएसमधल्या जिओरेफरन्सरमध्ये छायाचित्र उघडा आणि सेंटिनेलच्या चित्रावर त्याचे खुणेचे बिंदू जुळवा. पुलाची टोकं, धरणाच्या भिंतीचे कोपरे, धावपट्टीची टोकं, रस्त्यांचे चौक चालतात. नदीचं वळण किंवा तलावाचा काठ कधीही घेऊ नका. जे बदललं का हे शोधायचंय त्यालाच खूण मानल्यासारखं ते होईल. दहा-पंधरा बिंदू चारही कोपऱ्यांत विखरून घ्या. सपाट प्रदेशासाठी प्रोजेक्टिव्ह (तिरकेपणा सरळ करणारं) रूपांतर चांगलं बसतं. डोंगराळ भागात मात्र उंचीमुळे जागा सरकतात, तिथे अशा छायाचित्रावरून क्षेत्रफळ काढायच्या फंदात पडू नका.

सूत्र लावणं

वनस्पतींसाठी एनडीव्हीआय हा हिरवाईचा निर्देशांक: निअर इन्फ्रारेडमधून लाल वजा करा आणि त्या दोघांच्या बेरजेनं भागा. उत्तर उणे एक ते एक यांमध्ये येतं. दाट हिरवाईला मोठं, उघड्या मातीला शून्याच्या थोडं वर. पाण्यासाठी हिरवा वजा शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड (निअर इन्फ्रारेडच्याही पलीकडचे अदृश्य किरण), भागिले दोघांची बेरीज. याला एमएनडीडब्ल्यूआय म्हणतात आणि शून्याच्या वरचं सहसा पाणी असतं. लँडसॅट ८ मध्ये हे बँड ३ आणि ६, लँडसॅट ५ मध्ये २ आणि ५, सेंटिनेल-२ मध्ये ३ आणि ११. क्रमांकांची ही गल्लत सगळ्यांत जास्त होते, म्हणून उपग्रहागणिक ते लिहून समोर ठेवा.

सूत्र लावण्याआधी चित्र लेव्हल-२ चं आहे ना, हे तपासा. त्यात वातावरणाचा परिणाम काढून टाकलेला असतो. फाइलमधले आकडे थेट वापरायचे नसतात. लँडसॅटच्या साठ्याच्या कलेक्शन २ या आवृत्तीत आकड्याला ०.००००२७५ नं गुणून ०.२ वजा करावे लागतात. सेंटिनेल-२ च्या आकड्याला १०,००० नं भागायचं, पण २५ जानेवारी २०२२ पासूनच्या नव्या प्रक्रियेत त्याआधी १,००० वजा करावे लागतात. ही वजाबाकी विसरलात तर त्या तारखेनंतर सगळीकडची हिरवाई अचानक घटल्यासारखी दिसते, आणि ती घट पूर्णपणे खोटी असते.

आता अरलकडे परत येऊ, कारण तिथे हे सूत्र नेमकं फसतं. हिरवा आणि शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड यांचं हेच सूत्र बर्फ शोधायलाही वापरतात, फक्त नाव बदलतं. म्हणजे गोठलेला काठ पाणी म्हणून मोजला जाणार. ओल्या मिठाचंही तसंच. आटलेल्या तळावरचा पांढरा खारट थर डोळ्यांना लख्ख दिसतो, पण त्यातला ओलावा शॉर्टवेव्ह किरण शोषतो, आणि सूत्राचं उत्तर शून्याच्या वर जातं. कोरड्या समुद्राला सूत्र पाणी ठरवतं. यावर दुसरी अट जोडा: निअर इन्फ्रारेडचं मूल्य ०.१५ पेक्षा कमी हवं. पाणी त्या बँडमध्ये काळं असतं, बर्फ आणि मीठ उजळ. क्यूजीआयएसमधल्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये दोन्ही अटी एकत्र लिहिल्या की खोटं पाणी बरंचसं गळून पडतं. ०.१५ हा सुरुवातीचा आकडा समजा, तुमच्या चित्रावर तो हलवून पाहा.

ढगांच्या सावल्या हा दुसरा चकवा. मी सुरुवातीच्या एका मोजणीत डोंगरउतारावर विखुरलेली डझनभर तळी शोधली होती. पुढच्या तारखेच्या चित्रात त्यांतलं एकही जागेवर नव्हतं, तेव्हा कळलं की त्या सावल्या होत्या. लँडसॅटसोबत येणारा क्यूए पिक्सेल हा थर आणि सेंटिनेलचा एससीएल हा थर ढग आणि सावल्या वेगळ्या दाखवतात. त्यांनी झाकून घेतल्याशिवाय मोजणी करू नका.

क्षेत्रफळ आणि त्यातली चूक

पाण्याचे पिक्सेल मोजा आणि एका पिक्सेलच्या क्षेत्रफळानं गुणा. लँडसॅटला ९०० चौरस मीटर, सेंटिनेलच्या दहा मीटर बँडला १००. चित्र ज्या यूटीएम (मीटरमध्ये मोजणाऱ्या) नकाशा-प्रक्षेपात मिळालं त्यातच हे करा. अक्षांश-रेखांशाच्या अंशांत बदललेल्या चित्रात पिक्सेलचं क्षेत्रफळ जागोजागी वेगळं होतं आणि गुणाकार निरर्थक ठरतो.

चूक राहते ती काठावर. ३०० मीटर बाजूच्या चौकोनी तळ्यात लँडसॅटचे १०० पिक्सेल मावतात, आणि त्यांतले ३६ काठावरचे असतात. काठावरचा पिक्सेल सहसा अर्धा पाण्यात, अर्धा जमिनीवर. म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त मोजणी डळमळीत. तेच तळं सेंटिनेलच्या दहा मीटर बँडमध्ये ९०० पिक्सेलचं होतं आणि काठावर ११६ येतात, साधारण तेरा टक्के. (अकरावा बँड २० मीटरचा असतो, म्हणून लहान तळ्यासाठी हिरवा आणि निअर इन्फ्रारेड, म्हणजे ३ आणि ८ यांची जोडी घ्या.) तुमच्या तलावाचे काठावरचे पिक्सेल मोजा, त्यांच्या निम्म्याइतकं क्षेत्रफळ कमी-जास्त असू शकतं असं धरा. दोन तारखांमधला फरक त्यापेक्षा लहान निघाला, तर बदल झाला असं म्हणता येत नाही, मग चित्र कितीही बोलकं वाटो.

पडताळणी

नकाशावर पन्नास बिंदू आपोआप विखरून टाका, निम्मे तुम्ही पाणी म्हटलेल्या भागात, निम्मे बाहेर. प्रत्येक बिंदू त्याच काळाच्या जास्त बारकाव्याच्या चित्रावर जाऊन बघा आणि बरोबर-चूक लिहा. तुमच्याच निकालाकडे न बघता हे काम दुसऱ्या कुणी केलं तर आणखी चांगलं. जिथे चुका गोळा होतात तिथे कारण असतं: दलदल, गढूळ पाणी, उंच इमारतींची सावली. शक्य असेल तर त्या जागेवर माणूस पाठवा. १९७० च्या दशकात कॅनडाच्या लॅब्राडोर किनाऱ्याजवळ लँडसॅटच्या चित्रांत एक ठिपका सापडला. तो तेव्हाच्या, आजच्याहून मोठ्या, एका पिक्सेलहूनही लहान, सुमारे २५ बाय ४५ मीटरचा खडक निघाला. खात्री करायला हेलिकॉप्टरमधून दोरानं खाली सोडलेल्या सर्वेक्षकावर तिथे बसलेल्या ध्रुवीय अस्वलानं पंजा उगारला. बेट खरं होतं. नकाशात आज त्याचं नाव लँडसॅट आयलंड आहे.

निकाल लिहून ठेवताना चित्रांच्या तारखा, उपग्रहाचं नाव, वापरलेले बँड, दोन्ही अटींचे आकडे, ढगांनी झाकलेला भाग आणि काठाची चूक हे सगळं त्याच फोल्डरमध्ये एका साध्या मजकूर फाइलीत ठेवा. पुढच्या वर्षी त्याच पंधरवड्यातलं चित्र आलं की हीच फाइल उघडा आणि तेच आकडे, तसेच्या तसे, लावा.